अंबूची जट

गुरुवार, २१ नोव्हेंबर १९७४

आज अंबूला मनाच्या डॉक्टरणीकडे नेलं. मनालाही डॉक्टर असतो हे या वयात ऐकायचं राहिलं होतं. ही बाई पुण्याहून एक आड एक गुरुवारी येते आणि धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसते. मी म्हणत होते, पोरीला दृष्ट लागलीय, मीठ-मिरच्या उतरून टाकू. पण शाळेच्या मोठ्या बाई ऐकेनात. तिथं दाखवा, नाहीतर नाव कमी करतो म्हणाल्या.

त्यांचंही खरं आहे. आमच्या अंबूने मास्तरणीच्या मनगटाला चावा घेतला. नात माझी आठ वर्षांची, दुसरीत दुसऱ्यांदा बसलीय, आणि अजून 'भ' आणि 'म' तिला एकच दिसतात. उभी राहून वाच म्हटलं की बाकाखाली शिरते. ओढून काढलं की चावते.

मला वाटलं डॉक्टरीण नाडी बघेल, बाटली देईल. ती पोरीला घेऊन फरशीवर बसली आणि लाकडाचे ठोकळे रचायला लागली. मी आणि सून सोना भिंतीला टेकून बघत होतो. सोनाच्या विड्या तेवढ्या राहिल्या. खेळच करायचा होता तर गल्लीत काय दगड कमी आहेत?

शेवटी म्हणाली, "आजी, ही मुद्दाम करत नाही."

"मग कोन करतंय? मी?" म्हटलं.

हसली. म्हणाली, रोज लिहून ठेवा. पोरीने दंगा केला की त्याच्या आधी काय झालं, तिने काय केलं, आणि मग तुम्ही काय केलंत. "तिसरं विसरू नका," दोनदा सांगितलं. पोरीचं दुखणं आणि हिला आमच्या चौकशा.

सोनाला विड्या वळण्यातून उसंत नाही. बिरदेवाला म्हटलं, बाप आहेस, तू लिही. तर म्हणाला, "आये, मला दुसरी पाळी हाय. तूच लिही की." झालं. मी तिसरीपर्यंत शाळेत गेले, मग बापाने मेंढरांमागे लावली. तेवढ्या अक्षरांवर आता हे लिहायचं. डॉक्टरणीला तोंडी सांगेन. ही वही तिला दाखवायची नाही, यात माझंही काही येणार.

रविवार, २४ नोव्हेंबर

आधी काय झालं: रविवार. डोकं धुवायचा दिवस.

तिने काय केलं: फणी बघितली आणि मोरीतून ओल्या अंगाने पळाली. सोनाने हात धरले, बिरदेवाने पाय धरले. मी फणी घातली. खाटीक आल्यासारखी ओरडली. अख्खी चाळ दारात.

आम्ही काय केलं: मी पाठीत दोन दिल्या. मग सोना रडली. मग बिरदेव म्हणाला, मरू दे, ऱ्हाऊ दे तशीच. फणी फळीवर टाकली. दिवाळीपासून हे असंच चाललंय.

लिहिलं. आता याने काय बरं होणार ते डॉक्टरणीलाच ठाऊक.

गुरुवार, ५ डिसेंबर

डॉक्टरणीला सगळं सांगितलं, पाठीतल्या दोन सोडून. तरी तिने विचारलंच, "आणि मारलंत?" म्हटलं, "हळू मारलं."

म्हणे अंबूच्या डोक्याला फणी लागली की आपल्यापेक्षा जास्त दुखतं. काही मुलांची कातडी तशी असते. म्हटलं, मग हिच्या आजीची का नाही? उपाय काय, तर केस बारीक कापा. मी उठूनच उभी राहिले. "पोरीचं क्यास कापायचं? घरात कोन मेलंय?" डॉक्टरणीचं कोण मेलेलं नसताना तिचे केस मात्र मानेपर्यंतच आहेत.

दुसरं सांगितलं, पाटी नको, पिठात बोटाने अक्षर काढू द्या. ज्वारीचं पीठ आता खेळायला घ्यायचं.

मग विचारते, वडील का येत नाहीत. म्हटलं, पाळी असते. काय करतात? मागावर आहे. मुकादम करत होते, नको म्हणाला. का नको म्हणाला? म्हटलं, आळस, दुसरं काय. मुकादमाला रोजची हजेरी लिहायला लागते, एवढं काम कोण अंगावर घेतो?

तिने ते लिहून घेतलं. दवाखाना पोरीचा, आणि लिहून काय घेते बघा.

मूळ मोहोळची आहे म्हणे. बोलते मात्र पुण्याचं. तिचं स्वतःचं पोर सासूजवळ पुण्यात असतं आणि ही आमची पोरं सुधारायला गाडीत बसून येते.

मंगळवार, १७ डिसेंबर

आज घरात देवी निघाली.

शेजारची बसव्वा पीठ मागायला आली होती. अक्कलकोटकडची, अर्धं कानडी बोलते, दर मंगळवारी यल्लम्माचा उपास. अंबू उंबऱ्यात पाठमोरी बसली होती. बसव्वाने हातातली वाटी खाली ठेवली.

"अय्यय्यो! नोड्री म्हाळसाक्का! हे गुंता न्हवं. जट हाय की ही!"

मानेवर मागे केसांचा गोळा झालाय खरा, शेपटासारखा. न विंचरल्याने. ते मी म्हटलंही. बसव्वा ऐकते कुठली! "न इंचरता माज्या पोरींची का झाली न्हाय मग? यल्लव्वा आली तुमच्या घरी. म्हनून चावती, म्हनून थरथरती. आता हिला कोन हात लावू नका. जट तोडली तर घरात मानूस जातंय." धावत जाऊन हळद-कुंकू आणलं. बाकी कुणी लावायचं नाही म्हणून अंबूच्याच बोटाने जटेला लावायला लावलं आणि पोरीच्या पाया पडली.

अंबू बघतच राहिली. मग हसली. शाळेत घातल्यापासून या पोरीने एवढं तोंड भरून हसलेलं मी बघितलं नव्हतं.

शुक्रवार, २७ डिसेंबर

मंगळवार-शुक्रवार बायका येतात. नारळ, केळी, खण. कोणी नवऱ्याची दारू सुटेल का विचारते, कोणी पोर होईल का. अंबू काय सांगणार? मान हलवते. ती मान कुठं हलली त्यावर बायका घरी जाऊन भांडतात.

शाळा सुटली. फणी सुटली. त्यामुळे पोर शांत झाली, हे खोटं बोलून चालणार नाही. चावणं नाही, ओरडणं नाही. डॉक्टरीण म्हणाली होती तिला त्रास देणं थांबवा, बसव्वा म्हणाली हात लावू नका. दोघींचं म्हणणं एकच झालं की. मग खरं कुणाचं? मला काही सुधरत नाही. नारळाची चटणी मात्र रोज खातोय, आणि मीही खाते.

सगळ्यांत बदल झाला तो बिरदेवात. नळावरून खाली मान घालून जायचा. आता दारात उभा राहून बायकांना "या, बसा" म्हणतो. काल जेवताना म्हणाला, "पोरगी मठ्ठ न्हाय आये. देवाची हाय. म्हनून तर तिला शाळा जमंना."

मी म्हटलं, "आन् तुला रं? तुला कुठल्या देवीनं धरलं होतं?" हसण्यावारी म्हटलं होतं. तो हसला नाही. हात धुऊन कामावर गेला. पाळीला अजून वेळ होता.

आणि आज कोंडीबा आला. खालच्या खोलीतला, जत्रेचा ट्रक ठरवणारा. माघ पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला ट्रक जाणार. तिथं अंबूच्या गळ्यात देवीच्या नावाचे मणी बांधायचे. बिरदेवाने आमची नावं सांगून टाकली. मला विचारलंही नाही.

गुरुवार, २ जानेवारी १९७५

मणी बांधले की काय होतं ते मला माहीत आहे. सोनाला माहीत नसेल, ती लहान आहे.

आमच्या गावात बजाबाई होती, माझ्याबरोबरची. तिलाही जट निघाली. बापाने वाजतगाजत मणी बांधून आणले. पहिली दोन वर्षं गाव तिच्या पाया पडलं. मग ती न्हाती-धुती झाली. देवीशी लग्न लागलेलं, त्यामुळे दुसरं लग्न नाही. परडी घेऊन दारोदार जोगवा मागायचा. दिवसा जे पाया पडायचे तेच अंधार पडला की तिच्या दाराशी. तिला तीन पोरं झाली, एकाच्याही बापाचं नाव कुणी विचारलं नाही. शेवटी खोकून मेली. देवीने काही तिला मागून घेतली नव्हती. बापाला पाच पोरी होत्या, एक खपली.

हे बिरदेवाला सांगितलं. "तवाचं दिवस येगळं व्हतं," म्हणाला. पोरीला गावात मान मिळतोय म्हणाला. त्याच्यापुढे बोलून उपयोग नाही.

म्हणून डॉक्टरणीला सांगितलं. तिचा चेहराच बदलला. म्हणाली, मी घरी येते. म्हटलं, या. तेवढंच बसव्वाला बघायला मिळेल.

गुरुवार, १६ जानेवारी

आली होती. न येती तर बरं झालं असतं.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, टांगा आतपर्यंत येईना, चालत आली. बिरदेव घरीच होता. सोनाने चहा केला, बशीत तिळगूळ ठेवला. इथपर्यंत ठीक. पण दारात बायका-पोरांचा घोळका, आणि ही बाई वर्गात बोलावं तशी मोठ्याने बोलायला लागली. "हे बघा, यात देवाचं काही नाही. केस विंचरले नाहीत म्हणून गुंता झाला. मुलीला वाचनाची अडचण आहे. तिचा मेंदू अक्षरं वेगळ्या रीतीने घेतो."

बाहेरून कोंडीबा म्हणाला, "म्हंजी डोस्क्यात बिघाड हाय व्हय पोरीच्या?"

घोळका हसला. बिरदेवाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. इतका वेळ तो हात जोडून बसला होता, तो उठला. "बाई, चा प्यालात आमच्या घरात. आता निघा."

मी तिला टांग्यापर्यंत पोचवायला गेले. वाटेत तोंड सोडलं. "तुमी शिकलेल्या. इतकं कळंना? त्यानं कुटं नुकती मान वर केली होती. तुमी चारचौघात देवी काढून घेतली, आन् बदल्यात काय दिलं? मेंदू."

रागावेल वाटलं. ती रस्त्यातच थांबली. म्हणाली, "हो. चुकलं माझं. मुलीचं बघताना बापाकडे बघितलंच नाही मी." मग म्हणते, "मूल असं असलं की आई-बापांना आधी स्वतःच्या शरमेवर औषध हवं असतं, आजी. ते देवीने दिलं, मी दिलं नाही. त्याला घरात मान कोण देतं?"

"हा काय सवाल झाला? ताट वाढून देतो की."

टांग्यात बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. ही बाई कधी कधी अशी बघते की आपल्या तोंडाला काही लागलंय असं वाटतं.

मंगळवार, २१ जानेवारी

आता बिरदेव दवाखान्याचं नाव काढू देत नाही. मी मात्र जाणार. माझे पाय माझे आहेत.

माझा भाऊ येडू सांगोल्याकडून आला आणि लोकरीचं पोतं टाकून गेला, घोंगडीसाठी निवडून, कातून दे म्हणाला. आमची मेंढरं दुष्काळात विकली, तेव्हापासून लोकरीला हात नव्हता. वासाने बरं वाटलं. नुसतं गोखरू आणि काटे. मी निवडायला बसले तर अंबू येऊन शेजारी बसली. कुणी बोलावली नव्हती. तिने एक गुठळी उचलली आणि बोटांनी सोडवायला लागली. टोकाकडून. ओढायचं नाही हे तिला कुणी सांगितलंही नाही.

दुपारभर हलली नाही. दुसरीतल्या बाकावर हीच पोर टिकत नाही.

पिठाचंही सांगायचं राहिलं. परातीत पीठ चाळून झालं की ती बोट घालते. 'म' काढते. कधी उलटा काढते, कधी सुलटा. मी ओरडत नाही, कारण ओरडलं की परात उलटते आणि पीठ माझं जातं.

गुरुवार, ३० जानेवारी

दवाखान्यात एकटीच गेले, पोरीला बाप सोडत नाही. लोकरीचं सांगितलं. डॉक्टरणीला इतका आनंद झाला की मला वाटलं आता कडेवर घेते.

म्हणाली, जट कापू नका, ओढू नका. तिच्या हातात द्या. ती थांब म्हणाली की थांबायचं, मग कितीही दिवस लागोत. "आपल्या अंगाशी कोण काय करणार हे तिच्या हातात राहिलं की तिची भीती जाईल."

म्हटलं, मला रोज उठून पोरीची परवानगी घ्यायला सांगता? "हो," म्हणाली. सरळ हो.

रविवार, २ फेब्रुवारी

बिरदेव कामावर, सोना विड्या कारखान्यात द्यायला गेलेली. मी करडीचं तेल घेऊन बसले. जटेचं शेपूट अंबूच्या खांद्यावरून पुढे ओढलं, म्हणजे तिनेच ओढलं, मी नुसतं दाखवलं. तेल तिच्या तळव्यावर घातलं. "ही कुनाच्या मेंढराची लोकर गं? लईच घान हाय," म्हटलं.

खूप हसली. मग टोकाची एकेक बट सोडवायला लागली. बोटाएवढी मोकळी झाली तेव्हा म्हणाली, "आज्जे, बास."

माझे हात इतके शिवशिवत होते की मांडीखाली दाबून बसले. बास म्हणजे बास. वर पदराचा तुकडा बांधला, बायकांना सांगितलं देवीला ऊन लागू द्यायचं नाही.

बसव्वानेच सांगितलंय, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावलाच नाही कुणी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

निम्मी सुटली. आत जुना तिळगूळ सापडला.

मी देवीला घाबरत नाही असं नाही. आज संध्याकाळी यल्लम्माच्या नावाने दहीभात ठेवला आणि सांगितलं, तुला माणूसच न्यायचा असेल तर मला ने, माझं झालंय. सोना घरचं बघते, बिरदेव कमावतो, पोर तर पोरच आहे. पण आधी येडूची लोकर पुरी होऊ दे. नंतर वाटलं, देवीशी भाव करणारी मी कोण? पण बोलून गेले ते गेले.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज डॉक्टरणीने अंबूचं काही विचारलंच नाही. बिरदेवाचंच. लहानपणी शाळेत कसा होता?

म्हटलं, तसाच. तिसरीत दोनदा बसला, मग उठला. पाटी फोडायचा. वाच म्हटलं की पोटात दुखायचं. मेंढरं मात्र नुसतं बघून एकेक ओळखायचा, रात्रीत कुठलं कमी आहे ते.

"तुम्ही काय म्हणायचा त्याला?"

"काय म्हनायचं? मठ्ठाला मठ्ठ म्हनायचं. सगळ्यांसमोर म्हनायचं, म्हंजी लाज वाटून शिकंल."

"शिकला?"

"न्हाय."

"अजून म्हणता?"

"कवातरी. सवयीनं."

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "आजी, तो ट्रक कधी जाणार?" म्हटलं, पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी. म्हणाली, तुमच्या मुलाला आता माझं ऐकायचं नाहीये, आणि ते बरोबर आहे. मग कुणाचं ऐकायचंय ते काही सांगितलं नाही. अर्धंच बोलायचं तर पुण्याहून यायचं कशाला?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सगळं आजच लिहून काढते.

काल जट पुरी सुटली. केस तेलाने चपचपीत, पण मोकळे. आज शुक्रवार, बायका येणारच. म्हटलं येऊ देत, कधीतरी कळायचंच.

बसव्वा कुंकवाचा करंडा घेऊन आली. मागे पाच-सहा बायका, दारात कोंडीबा ट्रकाची नावं पक्की करायला. बिरदेव नवं धोतर नेसून उभा. बसव्वाने अंबूला फडकं काढायला सांगितलं, तिने काढलं, आणि केस पाठीवर पसरले.

मागच्या बायका दोन पावलं सरकल्या.

"कुनी सोडली?" बसव्वा म्हणाली.

"मी," अंबू म्हणाली. "माझी मी सोडली. दुखलं न्हाय."

बसव्वाचा करंडा हातातून पडला. "यल्लव्वा तायी, पोर हाय, माफ कर! म्हाळसाक्का, आता या घरात मानूस जातंय बघा!" सोना भिंतीला धरून खाली बसली. बिरदेव माझ्याकडे बघेना, पोरीकडे बघेना. जमिनीकडे बघत उभा. लहानपणी मास्तरापुढे उभा राहायचा तसाच.

आणि कोंडीबा हसला. "मंग काय, देवी-बिवी काय न्हाय. पोरगी नुसतीच मठ्ठ निघाली म्हनायची. बापावर गेली."

मला काय झालं ते सांगता येत नाही. माझ्या पोराला मठ्ठ म्हणायचं तर मी म्हणेन, कोंडीबाचं काय काम?

"कोंड्या, जीभ आवर," म्हटलं. "माझा बिरदेव मठ्ठ? कुठला माग आज बंद पडनार ते हा कारखान्याच्या दारातनं आत येतानाच आवाजावरनं सांगतो. मालक तुला घरी मानूस धाडून बोलावतो का? सांग की, धाडतो का? दुष्काळात मेंढरं गेली तवा रडत न बसता अख्खं घर पाठीवर टाकून ह्यानं हितं आनलं. तुझ्यासारखं कुनाच्या पोरीवर ट्रक भरला न्हाय. माझ्या घरात मठ्ठ कोन न्हाय. बाप न्हाय, लेक न्हाय. असलीच तर मी असंन, तुला दोन वर्सं चा पाजला!"

बिरदेव माझ्याकडे बघायला लागला, जसं काय मी कानडीत बोलले. इतकं बघण्यासारखं काय होतं त्यात? खरं होतं तेच म्हटलं.

मग तो कोंडीबाकडे वळला. आवाज चढवला नाही. "कोंडीबा, ट्रकातनं आमची नावं काढ."

"आन् देवीला कबूल केलंय ते?"

"देवीला मी सांगंन. तू काढ."

सगळे गेल्यावर सोना रडली. बिरदेव पोरीजवळ बसला आणि तिच्या केसांना हात लावायला गेला, मग हात मागे घेऊन विचारलं, "लावू का?" हे त्याला कोणी शिकवलं? मी तर नाही.

अंबू म्हणाली, "हळू."

शनिवार, २२ फेब्रुवारी

बसव्वा बोलत नाही. पण सकाळी येऊन अंबूवरून लिंबू उतरून गेली, आणि जाताना माझ्यावरूनही. म्हातारीवर लिंबू वाया घालवलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ट्रक परवाच गेला, आमच्यावाचून. घरातले सगळे जिवंत आहेत. सकाळी मला ठसका लागला तर सोना पांढरीफटक पडली, पाणी घेऊन धावली. ठसक्याने कोण मरतं? पण पाणी प्यायले.

काल बिरदेव स्वतः शाळेत जाऊन मोठ्या बाईंना भेटून आला. अंबूचं नाव राहू द्या, वाचायला उभी करू नका, चावायची नाही. चावायची नाही हे त्याने कशावरून सांगितलं देव जाणे. आज शाळेत गेली आणि चावली नाही, एवढं खरं. एका पोराच्या अंगावर शाई मात्र ओतली.

दुपारी मी लोकर कातत होते. बिरदेव पाळीला जायच्या आधी समोर येऊन बसला. चातीकडे बघतोय. म्हटलं, बोल, नाहीतर सरक, उजेड अडतोय.

"परवा गुरुवार हाय," म्हणाला. "डॉक्टरणीकडं मी नेतो अंबूला."

"ने की. माझे पाय तरी वाचतील."

तरी उठेना. मग हळूच म्हणाला, "मला बी दाखवायचं हाय, आये. अंबूला अक्षरं दिसत्यात तशीच मला दिसत्यात. अजून."

मी चाती थांबवली. "मग हॉटेलात रोज पेपर घिऊन बसतोस ते रं?"

"धरायला काय लागतंय," म्हणाला.

चाती पुन्हा फिरवली. म्हटलं, ती बारक्या पोरांची डॉक्टरीण आहे, तुझ्यासारख्या घोड्यांची नाही, हाकलून देईल. "दिऊ दे," म्हणाला, आणि चप्पल घालून गेला.

त्याचा पांढरा सदरा भिजत घातलाय. कॉलरला काळं धरलंय, दगडावर घासावं लागेल. उद्या ऊन पडलं तर गुरुवारपर्यंत वाळेल.